१०० मीटर, पण ९० अंश?

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की घरात आपल्यासाठी एक नवीन पद आपोआप तयार होतं. मिक्सर जळाला, इन्व्हर्टर कुरकुरला, गॅस गीझर पेटेना... "अगं, तू इंजिनिअर ना? बघ जरा!" आपण अजून केटी सोडवत असतो, पण "मला माहीत नाही" असं म्हणायला जीभ रेटत नाही. अशाच एका "तू इंजिनिअर ना?"ला मी अर्ध्या मिनिटात उत्तर देऊन मोकळी झाले. ते उत्तर साफ चुकलं, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. त्या अर्ध्या मिनिटाची ही गोष्ट.

माझा मावसभाऊ कंपनीच्या कामासाठी पुण्याहून फिनलंडला गेला. हेलसिंकीला लागून एस्पो नावाचं शहर आहे, तिथे तो राहतो. त्याच्या हातात एक स्विस ऑटोमॅटिक घड्याळ असतं. नाव लिहीत नाही, कारण दोष घड्याळाचा नव्हताच. काकांनी, म्हणजे त्याच्या बाबांनी, आयुष्यभर एचएमटी वापरलं. रिटायर झाल्यावर हातात पैसे आले तेव्हा स्वतःसाठी काही घेतलं नाही, मुलाला हे घड्याळ घेतलं. त्यामुळे त्याची किंमत नुसती रुपयांत मोजता येत नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

मागच्या हिवाळ्यात ऑफिसच्या लोकांनी त्याला तळ्याकाठच्या सॉनाला बोलावलं. निघता निघता त्याचा फोन आला.

"ऐक ना, घड्याळ घालून आत गेलं तर चालेल का गं? तिथे काढून ठेवायचं म्हणजे हरवायची भीती."

"मागे काय लिहिलंय?"

"१०० मीटर."

"मग काय दादा! १०० मीटर पाण्याखाली चालणारं घड्याळ, ते वाफेला कशाला घाबरतंय? जा बिनधास्त!"

तो गेला. सॉनात दोन-तीन वेळा बसला, आणि तिथल्या पद्धतीप्रमाणे मधे मधे बर्फ फोडून केलेल्या भोकातून तळ्यात डुबकीही मारून आला. रात्री घरी आल्यावर त्याने मला फोटो पाठवला. घड्याळाच्या काचेला आतल्या बाजूने धुकं! महाबळेश्वरला पावसाळ्यात गाडीच्या काचेला येतं तसं. आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, स्टीलचं बकल जिथे येतं तिथे, एक लाल चौकोन.

सर्व्हिस सेंटरने घड्याळ पूर्ण उघडून साफ केलं. बिल माझ्या एका सेमिस्टरच्या फीच्या जवळपास गेलं. दादा मला एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं. मग जे मी आधी करायला हवं होतं ते नंतर केलं. वही घेऊन बसले.

आधी सॉना म्हणजे काय

आपल्याकडे जिममध्ये "स्टीम-सॉना" असं एकत्रच म्हणतात, पण ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. स्टीम बाथ म्हणजे साधारण ४० ते ४५ अंश सेल्सिअस तापमान आणि वाफेने पूर्ण भरलेली हवा. फिनलंडचा सॉना म्हणजे लाकडी खोली, कोपऱ्यात दगड रचलेली भट्टी आणि ८० ते १०० अंश तापमान. हवा कोरडी, सापेक्ष आर्द्रता १०-२० टक्के. मधूनमधून त्या तापलेल्या दगडांवर डावाने पाणी ओततात. जी वाफ अंगावर येते तिला फिनिश भाषेत लोयल्यू म्हणतात. साधारण ५५ लाख लोकवस्तीच्या देशात सुमारे ३० लाख सॉना आहेत, म्हणजे दोन माणसांमागे एकाहून जास्त! २०२० साली युनेस्कोने ही परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

९० अंशांच्या हवेत माणूस बसू शकतो, कारण हवा उष्णता फार हळू देते आणि घाम आपल्याला गार ठेवतो. म्हणून तर सॉनात बाक लाकडाचा, डावाची मूठ लाकडाची. लाकूड उष्णतेचा मंद वाहक. स्टील लाकडाच्या शंभरपट वेगाने उष्णता वाहून नेतं. तिथले जुने लोक अंगठ्या, साखळ्या बाहेर काढून ठेवतात ते उगीच नाही.

"१०० मीटर" हे कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे?

माझी पहिली चूक इथे झाली. घड्याळाच्या पाठीवरचा आकडा मी गुणवत्तेचं सर्टिफिकेट समजले. खरं तर तो एका ठरावीक परीक्षेचा निकाल आहे. आणि निकाल वाचायचा तर आधी पेपर वाचायला हवा ना?

साध्या वॉटर-रेझिस्टंट घड्याळांसाठी आयएसओ २२८१० हे मानक आहे, २०१० सालचं. त्यात घड्याळ पाण्यात ठेवून दाब दिला जातो. १०० मीटर म्हणजे १० बार, दहा मिनिटं, स्थिर पाण्यात. तापमानाचाही पेपर आहे. घड्याळ ४० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं, मग २० अंशांच्या पाण्यात पाच मिनिटं, मग परत ४० अंशांत पाच मिनिटं. शेवटी ते ४० ते ४५ अंशांच्या गरम पट्टीवर ठेवून काचेवर गार पाण्याचा थेंब टाकतात. मिनिटभराने थेंब पुसून बघतात. आतून धुकं दिसलं तर नापास.

पाणबुड्यांच्या घड्याळांसाठी आयएसओ ६४२५ आहे. तिथे ४० अंश, ५ अंश, परत ४० अंश, दहा दहा मिनिटं. शिवाय प्रत्येक घड्याळ तपासावं लागतं. साध्या मानकात कंपनी नमुना तपासणी करू शकते.

आता दोन्ही पेपरांत सगळ्यात मोठा आकडा शोधा. ४५! सॉना सुरूच होतो ८० पासून. म्हणजे दादाने विचारलेला प्रश्न पेपरात आलेलाच नव्हता आणि मी मात्र मार्क सांगून मोकळी झाले.

अनेक स्विस घड्याळांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तिकेत ६० अंशांच्या वर नेऊ नका आणि तापमान अचानक बदलू देऊ नका असं स्पष्ट छापलेलं असतं. दादाच्याही पुस्तिकेत होतं. ती पुण्यातल्या कपाटात, वॉरंटी कार्डाच्या खाली, नव्या कोऱ्या अवस्थेत आहे.

घड्याळ श्वास घेतं

घड्याळ बंद डबी आहे असं आपल्याला वाटतं. पण त्या डबीला तीन दारं असतात: काच, पाठीचं झाकण आणि चावी. तिन्ही दारांवर पहारा एकाच गोष्टीचा, रबरी किंवा प्लॅस्टिकच्या रिंगचा. तिला आपण गॅस्केट म्हणतो.

आता थोडं गणित. (घाबरू नका, एम-थ्रीचं नाही!) सॉनाची हवा ९० अंश असली तरी हातावरचं घड्याळ ९० ला पोचत नाही. दीडशे ग्रॅम स्टील धरलं तर माझ्या वहीतल्या हिशेबाने ते सुरुवातीला मिनिटाला पाच-सात अंशांनी तापतं. नुसतं बाकावर ठेवलं तर पंधरा मिनिटांत ७० च्या पुढे जाईल. पण हातावर असताना मागची त्वचा आणि त्यातलं वाहतं रक्त त्याची उष्णता ओढून घेतं. कारच्या इंजिनाला रेडिएटर असतो, तसा इथे तुमचा हात! म्हणून मी घड्याळाचं तापमान ६० धरते.

आतली हवा ३० वरून ६० अंशांवर गेली. आकारमान तेच. बारावीतला गे-लुसॅकचा नियम लावा, तापमान केल्विनमध्ये घ्या: ३३३ भागिले ३०३, म्हणजे दाब १० टक्के वाढला. गॅस्केट चांगली असेल तर काहीच होणार नाही. पण कुठे सैल असेल तर थोडी हवा बाहेर निसटेल आणि आतला दाब बाहेरच्याएवढा होईल. इथपर्यंत घड्याळाने फक्त उच्छ्वास सोडला आहे.

मग माणूस उठतो आणि तळ्यात उडी मारतो. पाणी ४ अंश. आतली हवा आक्रसते: २७७ भागिले ३३३, म्हणजे दाब ०.८३ वर आला. बाहेर १, आत ०.८३. हा फरक साधारण १.७ मीटर पाण्याच्या दाबाएवढा. आता घड्याळ श्वास आत घेणार, आणि बाहेर हवा नाही, पाणी आहे.

इथे मी थांबले. कारण १.७ मीटर म्हणजे १०० मीटरवाल्यासाठी काहीच नाही! म्हणजे दाब हा खरा गुन्हेगार नाहीच. गुन्हेगार शोधायचा तर पहारेकऱ्याकडेच बघायला हवं.

पहारेकरी म्हातारा होतो

गॅस्केट काम करते कारण ती दाबलेली असते आणि परत उसळू पाहते. त्या उसळण्यावरच सील टिकतं. रबर बराच काळ दाबून ठेवलं, त्यात उष्णता, घाम, साबण मिळाला, की ते हळूहळू उसळणं विसरतं आणि कडक होतं. प्रेशर कुकरची जुनी रिंग आठवा. दिसायला धड, पण शिट्टी व्हायच्या आधीच कडेने फुसफुस. आई काय करते? रिंग बदलते, कुकर टाकून देत नाही.

त्यात भर म्हणजे तापमान बदललं की रबर स्टीलच्या साधारण दहापट प्रसरण-आकुंचन पावतं. काचही वेगळ्या मापाने वाढते. ३० मिलिमीटर व्यासाची सफायर काच आणि तिची स्टीलची बैठक, दोन्ही ६० अंशांनी तापवली तर स्टील सुमारे २९ मायक्रॉन वाढतं, सफायर ११. फरक १८ मायक्रॉन, केसाच्या जाडीच्या पाव हिस्सा. ताजी गॅस्केट हे सहज सांभाळून घेते. दादाचं घड्याळ सात वर्षांचं होतं आणि एकदाही सर्व्हिसिंगला गेलेलं नव्हतं. गरम असताना त्याची गॅस्केट दबली, गार पाण्यात आक्रसली, आणि नेमकं ज्या क्षणी आत पोकळी तयार झाली त्याच क्षणी ती उसळायला विसरली. सर्व्हिसवाल्यांनी सांगितलंही तेच, चावीजवळची रिंग गेलेली होती. "१०० मीटर" हा आकडा घड्याळ नवं असतानाचा होता. सात वर्षांपूर्वी बोर्डात ९० टक्के होते म्हणून आजचा पेपर सुटतो का?

कोरडी हवा, पण कितपत कोरडी?

"पण सॉनाची हवा तर कोरडी असते!" हा माझा बचावाचा मुद्दा होता. तोही टिकला नाही.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे त्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त जेवढी वाफ मावते त्याच्या किती टक्के आहे ते. आणि ९० अंशांना हवेत प्रचंड वाफ मावते. संपृक्त बाष्पदाब ७० किलोपास्कल. त्याचे १० टक्के म्हणजे ७. आता मुंबईचा जुलै घ्या: ३० अंश, ८५ टक्के आर्द्रता. तिथे बाष्पदाब येतो ३.६. म्हणजे "कोरड्या" सॉनात मुंबईच्या भर पावसाळ्याच्या जवळजवळ दुप्पट वाफ आहे!

या हवेचा दवबिंदू सुमारे ३९ अंश येतो. त्याच्याहून गार जे जे काही असेल त्यावर पाणी जमणार. ३० अंशांचं घड्याळ आत नेलं की पहिली काही मिनिटं त्याच्यावर सूक्ष्म दव बसतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखं. लोयल्यू टाकल्यावर दवबिंदू आणखी वर जातो. अंगावर आलेलं सगळं पाणी घामच असतं असं नाही, त्यातलं बरंचसं हवेतूनच आलेलं असतं.

आणि काचेवर धुकं यायला पाणी किती लागतं? घड्याळात हवा असते एक घनसेंटिमीटरच्या आसपास. ३५ अंशांना तेवढ्या हवेत पाण्याची वाफ जास्तीत जास्त ४० मायक्रोग्रॅम मावते, ५ अंशांना फक्त ७. उरलेले ३३ मायक्रोग्रॅम सगळ्यात गार पृष्ठभागावर, म्हणजे काचेवर, जमतात. पाण्याचा एक थेंब साधारण ५० मिलिग्रॅमचा. म्हणजे थेंबाचा हजारावा भागसुद्धा नाही, आणि घड्याळ आंधळं!

मग नासाचं घड्याळ कसं टिकलं?

वाचताना एक गोष्ट अशी सापडली की मी परत गोंधळले. १९६४-६५ साली नासाने अंतराळवीरांसाठी घड्याळ निवडायला परीक्षा घेतली. जेम्स रेगन हे इंजिनिअर त्या कामावर होते. त्यातला तापमानाचा पेपर असा: ७१ अंश सेल्सिअसमध्ये ४८ तास आणि लगेच पुढे ९३ अंशांत ३० मिनिटं. हवा कोरडी. अहो, हा तर सॉनाच झाला! आर्द्रतेचा पेपर वेगळा होता, २० ते ७१ अंशांच्या दरम्यान ९५ टक्क्यांच्या वर आर्द्रता, असे २४० तास.

तीन कंपन्यांची घड्याळं बसली. रोलेक्सचं दमट हवेत थांबलं, आणि उष्णतेत त्याचा सेकंदकाटा वाकून बाकीच्या काट्यांना अडकला. लाँजिनची काच उष्णतेने वाकडी होऊन निघाली. ओमेगाचं स्पीडमास्टर शेवटपर्यंत चाललं, फक्त तबकडीवरचा अंधारात चमकणारा रंग गेला. १ मार्च १९६५ ला त्याला मंजुरी मिळाली. जुलै १९६९ मध्ये बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले तेव्हा त्यांच्या मनगटावर तेच होतं.

म्हणजे लक्झरी घड्याळ सॉनात टिकू शकतं? हो, टिकू शकतं. पण या निकालात तीन गोष्टी वाचायच्या. एक, घड्याळं त्या वेळी नवी होती. दोन, तीन नामवंत घड्याळांपैकी दोन बाद झाली, म्हणजे नाव आणि किंमत हे उष्णतेच्या पेपरातले मार्क नव्हेत. तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, नासाने पाठीवरचा आकडा वाचून निर्णय घेतला नाही. त्यांना जो प्रश्न होता तोच पेपरात घातला.

आजही असं मुद्दाम बनवलेलं घड्याळ मिळतं. जर्मनीची झिन कंपनी काही मॉडेल्समध्ये खास तेल वापरून उणे ४५ ते अधिक ८० अंशांपर्यंत चालण्याची हमी देते. नीट बघा, या हमीची वरची मर्यादा ८०. सॉनाची खालची मर्यादा पण ८०!

तेल, वेळ आणि बॅटरी

त्या "खास तेला"चं कारण असं. यांत्रिक घड्याळात माणकांच्या बेअरिंगमध्ये तेलाचा अगदी सूक्ष्म ठिपका असतो. तो पृष्ठताणामुळे जागेवर धरलेला असतो. तापलं की तेल पातळ होतं, पसरू पाहतं आणि एकदा जागा सोडली की गार झाल्यावर परत येत नाही. त्या दिवशी काही कळत नाही. वर्षा-दोन वर्षांनी घड्याळ मागे पडू लागतं, तेव्हा सॉना कुणाला आठवतो?

वेळ मात्र त्या वीस मिनिटांत फारशी चुकत नाही, हे मला अनपेक्षित होतं. जुन्या काळी पोलादी हेअरस्प्रिंग असायची. तापमान एक अंश वाढलं की घड्याळ दिवसाला सुमारे ११ सेकंद मागे. मग शार्ल एदुआर गियोम यांनी निकेल-पोलादाचे मिश्रधातू शोधले, इनव्हार आणि एलिनव्हार. त्या कामाला १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आजच्या क्रोनोमीटर प्रमाणपत्राच्या कसोटीत हा फरक अंशाला दिवसाला ०.६ सेकंदांच्या आत लागतो, आणि ती कसोटी ८, २३ आणि ३८ अंशांना होते. तोच दर वर ताणला तरी ६० अंशांच्या वाढीला दिवसाला ३६ सेकंद, म्हणजे वीस मिनिटांत अर्धा सेकंद. तेवढ्यावरून कुणाची बस चुकणार नाही.

क्वार्ट्झ घड्याळात काळजी बॅटरीची. तिच्यातला बटन सेल साधारण ६० अंशांपर्यंतचाच असतो. स्मार्टवॉचवाल्यांनी तर प्रश्नच विचारू नये. ॲपलसारख्या कंपन्या वापराची मर्यादा ३५ अंश देतात आणि सॉना-स्टीमरूममध्ये घालू नका असं स्वतःच सांगतात. चामड्याचा पट्टा असेल तर घाम शोषून, वाळून, तडकणार.

स्टीम बाथचं काय? तिथे तापमान ४५ च्या आत, म्हणजे पेपरातलंच. पण ४५ अंशांच्या संपृक्त वाफेचा दाब ९.६ किलोपास्कल, सॉनापेक्षाही जास्त. गॅस्केट थकलेली असेल तर तिथेही तेच धुकं.

आणि तो लाल चौकोन

हे सगळं गणित होईपर्यंत मी घड्याळाचाच विचार करत होते. मनगटावरचा लाल चौकोन राहूनच गेला होता. मग आयएसओ १३७३२ वाचलं, गरम पृष्ठभागांच्या स्पर्शाचं मानक. त्यात त्वचा भाजण्याची सीमा दिली आहे: एक मिनिट स्पर्श असेल तर ५१ अंश, दहा मिनिटं असेल तर ४८. मी वर कौतुकाने लिहिलं की हात हा रेडिएटर आहे, घड्याळाला गार ठेवतो. पण रेडिएटरकडे जाणारी उष्णता कुठे गेली? दादाच्या कातडीत. घड्याळ जेवढं वाचलं तेवढा हात भाजला. माझ्या "बिनधास्त"मध्ये या माणसाचा विचारच नव्हता.

तर मग घालावं की नाही?

नाही. सरळ उत्तर, काढून ठेवा. लॉकरमध्ये, गार जागी. सॉनाच्या आत बाकावर तर नकोच, तिथे रेडिएटरही नाही.

चुकून घालून गेलात तर लक्षात आल्याबरोबर काढा आणि बाहेर साध्या खोलीत आपोआप निवू द्या. लगेच गार पाण्यात हात घालू नका. गरम असताना चावी ओढू नका, बटणं दाबू नका. निवल्यावर घाम मऊ ओल्या फडक्याने पुसून घ्या. आतून धुकं दिसलं आणि ते निघून गेलं तरी "गेलं एकदाचं" म्हणून खूश होऊ नका. पाणी आतच आहे, फक्त दिसत नाही, आणि पोलादी भागांना गंज चढायला वेळ लागत नाही. घड्याळजीकडे त्याच आठवड्यात न्या. पाण्यात वापरायचं घड्याळ असेल तर वर्षातून एकदा प्रेशर टेस्ट करून घ्या. ती काही मिनिटांत होते आणि खर्च दुरुस्तीच्या मानाने किरकोळ.

आता राहिली गोष्ट काकांना सांगायची. दादाने दोन आठवडे लपवलं. शेवटी मीच मावशीकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं, चूक माझी होती हेही. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घड्याळ दुरुस्त होतं गं. त्याचा हात कसा आहे?"

मी महिनाभर मायक्रोग्रॅम आणि किलोपास्कल मोजत होते. काकांनी पहिल्याच प्रश्नात मुद्द्याला हात घातला.

दादा अजूनही सॉनाला जातो. आता घड्याळ घरी ठेवून जातो. आणि मला कुणी "तू इंजिनिअर ना?" म्हणून काही विचारलं की मी आधी उलट विचारते, "याची टेस्ट कशी केली होती, ते कुठे लिहिलंय का?" घरच्यांना वाटतं मी भाव खाते. खाऊ दे. अर्ध्या मिनिटाचं उत्तर किती महाग पडतं ते मला माहीत आहे.